नामदार गोखले : एका अबोल माणसाचं करिअर



प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की हॉस्टेलमध्ये एक ठराविक विषय निघतोच. कोण इंट्रोव्हर्ट आणि कोण एक्स्ट्रोव्हर्ट! कुणीतरी मोबाईलवर टेस्ट देतं, शेवटी चार इंग्रजी अक्षरं मिळतात आणि मेसमध्ये जेवता जेवता सगळ्यांची करिअर ठरून जातात. हिने टेस्टिंगला जावं, तिने एचआरला, आणि अमकीने एम.बी.ए. मार्केटिंगचा नाद सोडावा, कारण तिला म्हणे माणसांत बोलता येत नाही. आमच्या सोनईला तर टेस्टचीही गरज लागत नाही. पोरगं पाहुण्यांसमोर गप्प बसलं की ते कॉम्प्युटरला टाकायचं, आणि तोंडाने चुरूचुरू असलं की ते वकील होणार नाहीतर पुढारी. (साखर कारखान्याच्या गावात पुढारी हेसुद्धा एक करिअर आहे, हे बाहेरच्या मित्रांसाठी सांगून ठेवते.)

या विषयावर मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे गोपाळ कृष्ण गोखले हे माझ्यासाठी बरीच वर्षं हिस्टरीच्या पुस्तकातलं मॉडरेट्स या हेडिंगखालचं दोन मार्कांचं नाव होतं. पुणेरी पगडी, उपरणं, चष्मा, एवढाच फोटो. कॉलेजच्या लायब्ररीत त्यांचं चरित्र हातात पडलं आणि पहिल्या पन्नास पानांतच मी थबकले. हा माणूस आपल्यासारखाच इंजिनीअरिंगच्या दारात येऊन उभा राहिला होता! आणि दुसरं म्हणजे हा माणूस अतिशय लाजाळू होता. देशातला एक नंबरचा पार्लमेंटरी वक्ता म्हणून ज्याचं नाव झालं, तो स्वभावाने अबोल, हळवा आणि चारचौघांत अवघडणारा होता. हे दोन्ही एकत्र कसं बसतं, तेच मला शोधायचं होतं.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळ कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना, १८७९ साली, वडील वारले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी स्वतःचं शिक्षण सोडलं आणि पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते धाकट्याला शिकायला पाठवायचे. म्हणजे घरात सात, आणि गोपाळला आठ! एज्युकेशन लोनचे हप्ते मोजणाऱ्या आपल्या पिढीने हा हिशोब एकदा समोर ठेवून बघावा. अशा मुलाकडे हौस म्हणून काही करून बघायला वाव नसतो. त्याने जे निवडायचं त्यातून पैसे यायलाच हवेत, अशी सगळ्या घराची अपेक्षा होती आणि ती चुकीचीही नव्हती.

१८८१ मध्ये मॅट्रिक, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, मध्ये काही काळ पुण्याचं डेक्कन कॉलेज, आणि शेवटी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गणित घेऊन बी.ए. वय अठरा. आपण ज्या वयात सीईटीचे फॉर्म भरतो, त्या वयात ते ग्रॅज्युएट होऊन बसले होते. पाठांतर जबरदस्त. इंग्रजी पुस्तकांची पानंच्या पानं तोंडपाठ. पण मित्रांच्या कोंडाळ्यात पुढे होऊन बोलणारा मुलगा तो नव्हे.

आता पुढे काय? त्या काळी हुशार ग्रॅज्युएटपुढे तीन झगझगीत रस्ते होते. एक आय.सी.एस., म्हणजे विलायतेला जाऊन परीक्षा द्यायची. ते पैशाअभावी शक्य नव्हतं. दुसरा इंजिनीअरिंगचा. पुण्याचं ते कॉलेज तेव्हा कॉलेज ऑफ सायन्स या नावाने ओळखलं जाई. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो तेच. चरित्रकार लिहितात की गोखल्यांनी ती वाट थोडे दिवस चालून पाहिली आणि सोडली. आपल्यापेक्षा तल्लख मुलं तिथे आहेत, तिथे आपला निभाव लागणार नाही असं त्यांना वाटलं. तिसरा रस्ता वकिलीचा. तिकडेही नाव घातलं, पण एलएल.बी. काही पुरी झाली नाही.

इथे थोडं थांबू या. आजच्या एखाद्या काउन्सेलरसमोर हा मुलगा बसवला असता तर काय निघालं असतं? गणित चांगलं, स्मरणशक्ती दांडगी, स्वभाव बुजरा, आत्मविश्वास कमी, घरची गरज मोठी. निकाल सोपा आहे : सरकारी कचेरीत अकाउंट्सला जा, लोकांशी संबंध येईल असं काही करू नकोस. आणि गंमत म्हणजे या माणसाने जे धरलं ते नेमकं उलटं होतं. जानेवारी १८८५ मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये असिस्टंट मास्तर झाले. पगार महिना पस्तीस रुपये. रोज पोरांनी भरलेल्या वर्गासमोर उभं राहायचं!

ही शाळा म्हणजे टिळक, आगरकर, चिपळूणकर यांनी उभी केलेली. त्यातले विष्णुशास्त्री तोवर वारले होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. १८८६ मध्ये गोखले सोसायटीचे आजीव सभासद झाले, म्हणजे थोड्या पगारावर वीस एक वर्षं शिकवण्याचा शब्द दिला. भावाने पंधरातले आठ रुपये पाठवून शिकवलं ते यासाठी का, असं घरात कुणाच्या मनात आलं असेल तर त्यात नवल नाही.

त्या एकाच स्टाफरूममध्ये स्वभावाचे किती नमुने होते बघा. टिळक गणितात फर्स्ट क्लास, एलएल.बी., गणित शिकवणारे, आणि पुढे हजारोंच्या सभेत गर्जना करणारे. आगरकर धारदार लेखणीचे, कुणाचीही भीड न ठेवणारे. आणि त्यांच्यात वयाने दहा वर्षांनी लहान असलेले गोखले, जे आधी ऐकायचे. टिळकही पदवीने गणिताचे आणि गोखलेही गणिताचे. विषय तोच, निघालेली माणसं मात्र दोन टोकांची. डिग्री आणि स्वभाव यांची जोडी लावणारा तक्ता या स्टाफरूमपुढे फाटून जातो असं मला वाटतं.

गोखले शिकवायचे कसे? कुठलाही विषय द्या, सर तयार. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र. यामुळे त्यांना मागणीनुसार प्रोफेसर असं थट्टेचं नावही पडलं होतं. त्यांची शिकवण्याची रीत अगदी अबोल माणसाची. फळ्यासमोर उभं राहून सुचेल ते बोलणं त्यांना जमत नसे, मग ते आदल्या दिवशी सगळं पक्कं करून येत. नेल्सनचं चरित्र शिकवायचं होतं तेव्हा जहाजाचे भाग, दोर, शिडं यांची नावं नीट कळावीत म्हणून ते मुंबईच्या गोदीत जाऊन जहाजं पाहून आले, अशी आठवण सांगतात. अंकगणिताचं पाठ्यपुस्तकही त्यांनी केलं. ते इतकं चाललं की गोखल्यांचं अंकगणित हे शाळांत परवलीचं नाव झालं. बडबड्या मास्तरांचे तास मुलांना आवडतात हे खरं आहे. पण परीक्षेच्या आधी आपण कोणाच्या नोट्स झेरॉक्स करतो ते आठवा.

याच गोखल्यांना सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून अजून एक काम आलं. फर्ग्युसनच्या नव्या इमारतीसाठी वर्गणी! सुट्ट्यांत गावोगाव फिरायचं, अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून पैसे मागायचे. ज्याने गॅदरिंगसाठी स्पॉन्सरशिप मागितली आहे त्याला हे काम किती नकोसं असतं ते ठाऊक आहे. गोखल्यांनी ते वर्षानुवर्षं केलं. इमारत १८९५ मध्ये उभी राहिली. त्यांना ते आवडत होतं असं मात्र कुणी म्हणू नये. न आवडणारं काम माणूस करू शकतो, पण त्याची किंमत त्याच्या अंगातून वसूल होते, आणि गोखल्यांच्या बाबतीत ती झाली. ते पुढे येईलच.

१८८७ च्या सुमाराला त्यांची न्यायमूर्ती रानड्यांशी गाठ पडली. आजच्या भाषेत सांगायचं तर हा त्यांचा खरा कोर्स, आणि तो बारा-तेरा वर्षं चालला. सार्वजनिक सभेचं इंग्रजी त्रैमासिक गोखल्यांनी सांभाळायचं, सरकारला पाठवायचे अर्ज लिहायचे, आणि ते रानड्यांना दाखवायचे. रानडे मसुदा वाचत, चूक दाखवत, परत लिहायला लावत. एखादा आकडा कुठून आला, त्याच्या आधीच्या वर्षी तो किती होता, रिपोर्टच्या कुठल्या भागात आहे, सगळं विचारत. सरकारचे जाडजूड निळ्या कव्हरचे रिपोर्ट, रेल्वेचा खर्च, लष्कराचा खर्च, शेतसारा, मिठावरचा कर. बहुतेकांना झोप येईल असं वाचन! पण एकट्याने बसून आकड्यांत तासन्‌तास घालवायला ज्याला कंटाळा येत नाही, त्याच्यासाठी हे पक्वान्न होतं. बुजरेपणा म्हणून ज्याची काळजी वाटत होती, त्याच्याच पोटात ही बैठक होती.

सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशी यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. ते पेशाने शिक्षक. देशाच्या अर्थकारणाचे आकडे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते, पण ते पुढे कधी आले नाहीत. गोखले त्यांना पत्रं पाठवून आकडे विचारत, मुद्दे तपासून घेत. गोखल्यांच्या गाजलेल्या भाषणांच्या मागे या सोलापूरच्या मास्तरांची मेहनत आहे. त्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे? असो.

१८९७ साली लंडनला वेल्बी कमिशनसमोर साक्ष द्यायला गोखल्यांची निवड झाली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारं हे कमिशन. सोबत दिनशा वाच्छा. गोखल्यांचं वय तीस, साक्षीदारांत सगळ्यांत तरुण. जाताना फ्रान्समधल्या कॅले इथे ते पडले आणि छातीला जबर मार लागला. आणि या माणसाने काय केलं असेल? दुखणं सहन होईनासं होईपर्यंत कुणाला सांगितलंच नाही! उगाच इतरांना त्रास कशाला, हा विचार. हॉस्टेलमध्ये ताप अंगावर काढणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हे वाचताना मला राग आणि कीव दोन्ही आलं. त्यांच्या हृदयाच्या दुखण्याचं मूळ पुढे अनेकांनी या अपघातात पाहिलं. एप्रिलमध्ये ते कमिशनसमोर बसले. दोन दिवस उलटतपासणी झाली. ही म्हणजे आपल्या व्हायवाची आजी! पण तिथे घोषणा, टाळ्या काहीच नव्हतं. प्रश्न आणि आकडा, परत प्रश्न, परत आकडा. या खेळात हा अबोल माणूस भारी पडला.

आणि त्याच वर्षी त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट प्रसंग घडला. पुण्यात प्लेगची साथ होती. घरं तपासायला गोरे सोजीर लावले होते आणि त्यांच्या वागणुकीबद्दल लोक संतापले होते. पुण्यातल्या मित्रांनी गोखल्यांना लंडनला पत्रं पाठवली, त्यात स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या बातम्या होत्या. गोखल्यांनी त्या विश्वासाने मँचेस्टरच्या वर्तमानपत्राला सांगितल्या. पार्लमेंटपर्यंत खळबळ झाली. इकडे २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, वातावरण पेटलं, धरपकड सुरू झाली. जुलैअखेर गोखले बोटीने मुंबईला उतरले तेव्हा सरकारने पुरावा मागितला होता. पुरावा म्हणजे पत्रं लिहिणाऱ्यांची नावं. ती दिली असती तर मित्र अडकले असते. मित्रही पुढे येऊन साक्ष द्यायला तयार होईनात.

गोखल्यांनी नावं दिली नाहीत. आरोप आपण सिद्ध करू शकत नाही, म्हणून ते मागे घेतले आणि वर्तमानपत्रातून जाहीर बिनशर्त माफी मागितली. सोजिरांचीसुद्धा मागितली. मग काय! सगळीकडून भित्रा, कणा नसलेला अशी संभावना झाली. डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली, तिथे लोक त्यांच्यापासून अंतर ठेवून वागले.

मला विचाराल तर माफी इतकी पूर्ण द्यायची गरज नव्हती. सोजिरांच्या वागणुकीबद्दलच्या तक्रारी काही हवेतल्या नव्हत्या. पण स्वतःकडे सगळा दोष ओढून घेणं हाही अशा स्वभावाचा एक भाग असतो, आणि त्यावर इंटरनेटवरच्या टेस्टमध्ये एकही प्रश्न नसतो. बहिर्मुख माणूस चार सभा घेऊन आपली बाजू मांडतो, मन मोकळं करतो. गोखले आतल्या आत जळत राहिले. राजकारण सोडून द्यावं इतकं त्यांना वाटलं. त्याऐवजी पुढच्या प्लेगमध्ये ते स्वयंसेवक म्हणून रोग्यांच्या घरोघर कामाला गेले. त्यावर भाषण वगैरे काही केलं नाही.

१८९९ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले. जानेवारी १९०१ मध्ये रानडे गेले. त्याच वर्षी फिरोजशहा मेहता कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलमधली जागा सोडणार असं कळलं, तेव्हा गोखल्यांनी त्यांना पत्र लिहून ती जागा मागितली. कारणही मनमोकळेपणाने लिहिलं : १८९७ चा डाग धुऊन काढायचा आहे. स्वतःसाठी काही मागायला संकोचणाऱ्या माणसाने हे पत्र लिहायला किती दिवस घेतले असतील कोण जाणे. फर्ग्युसनमधून ते १९०२ साली निवृत्त झाले.

आणि मग २६ मार्च १९०२. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी. कौन्सिलमध्ये बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं. हिंदी सभासद बजेटवर बोलू शकत, पण मतदान करू शकत नसत. म्हणजे निकाल आधीच ठरलेला! सरकारने शिल्लक दाखवली होती आणि शिल्लक म्हणजे देशाची भरभराट असं सगळे म्हणत होते. पस्तीस वर्षांच्या गोखल्यांनी उठून या शिल्लकेचं पोस्टमॉर्टेम केलं. मुद्दा असा : सरकारला दरवर्षी विलायतेला मोठी रक्कम पौंडात पाठवावी लागते. १८९३ मध्ये चांदीच्या टांकसाळी लोकांसाठी बंद करून रुपयाचा भाव वर चढवला आणि पुढे तो एक शिलिंग चार पेन्सवर धरला. त्यामुळे तेवढेच पौंड पाठवायला कमी रुपये लागू लागले. पण रुपया स्वस्त होता तेव्हा तूट भरायला जे कर वाढवले होते ते तसेच चालू ठेवले. मग शिल्लक पडणारच. दुष्काळात माणसं मरत असताना तिजोरी भरते आहे, याचा अर्थ कर जास्त आहेत. मिठावर मणाला अडीच रुपये कर आहे, तो कमी करा.

कंट्रोल सिस्टीमचा एखादा प्रॉब्लेम सोडवावा तसं हे भाषण आहे. इनपुट कुठून आलं, आउटपुट का फुगलं, मधला कुठला गेन बदलला. (माझी ब्रँच इलेक्ट्रॉनिक्स, म्हणून मला तसं दिसलं.) आवाज चढवलेला नाही, कुणाला टोमणा नाही. अधिकाऱ्यांना उत्तर देता येईना, कारण आकडे त्यांचेच होते. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. इन्कम टॅक्सची मर्यादाही १९०३ मध्ये पाचशेवरून हजारावर गेली. हे सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं म्हणणं खोटं ठरेल. पण दरवर्षी मार्चमध्ये ते उठणार, आणि मागच्या वर्षीचं काय झालं ते विचारणार, याची सवय अर्थखात्याला झाली. ज्या कर्झनशी त्यांचं सतत वाजलं, त्यानेही त्यांची बुद्धी मान्य केली.

म्हणजे गोखले बदलून बहिर्मुख झाले का? मला तसं अजिबात वाटत नाही. मैदानातल्या हजारोंच्या सभेत ते कधी टिळकांसारखे रमले नाहीत, आणि आपली जवळजवळ सगळी महत्त्वाची भाषणं त्यांनी इंग्रजीत केली. त्यांना सापडली ती तयारीला भाव असलेली जागा. चाळीस-पन्नास माणसांचं सभागृह, विषय आधी ठरलेला, कागद आधी हातात आलेले. तिथे एकट्याने घालवलेले शंभर तास एका तासात कामाला येतात. वक्ता हे काम बडबड्यांचं, असं आपण धरून चालतो. वक्त्याचंही काम किती तऱ्हांचं असतं हे बघतच नाही. तसंच आपल्या ब्रँचचं. सिव्हिलवाला म्हणजे गप्प बसून ड्रॉइंग काढणारा, असं घरचे समजतात आणि साइटवर त्याला कॉन्ट्रॅक्टर, मुकादम, गवंडी, जमीनमालक सगळ्यांशी दिवसभर झुंजावं लागतं. बोलायला नको म्हणून आयटीला गेलेली सीनियर रोज सकाळी टीमच्या मीटिंगमध्ये काल काय केलं ते सांगत असते आणि रात्री अमेरिकेतल्या क्लायंटशी कॉलवर असते. उलट सेल्समध्ये गेलेला एक अबोल सीनियर मशिनची सगळी माहिती पाठ करून जातो, आणि कारखानदार त्यालाच बोलावतात.

अंतर्मुख आणि बहिर्मुख हे भाग पाडले स्वित्झर्लंडच्या कार्ल युंगने, १९२१ च्या पुस्तकात. म्हणजे गोखले जाऊन सहा वर्षं झाल्यावर. पूर्ण एका बाजूचा माणूस नसतो हेही त्याने सांगून ठेवलं होतं. पुढे अमेरिकेतल्या मायलेकींनी, कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स यांनी, त्यावरून चार अक्षरांची टेस्ट बनवली. दोघींपैकी कुणाचंच रीतसर शिक्षण मानसशास्त्राचं नव्हतं. अक्षरं आपल्यापर्यंत पोचली, युंगची पुस्ती वाटेत गळाली.

१९०५ साल गोखल्यांच्या आयुष्यात सगळ्यात गर्दीचं. १२ जूनला पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, मग इंग्लंडला जाऊन जवळजवळ रोज एक भाषण, आणि परत येऊन डिसेंबरात बनारस काँग्रेसचं अध्यक्षपद. समाजात येणाऱ्या नव्या सभासदाला पाच वर्षं शिकाऊ म्हणून काढावी लागत. अभ्यास करायचा, देश फिरून बघायचा. रानड्यांकडे जे मिळालं तोच सिलॅबस त्यांनी पुढे चालवला, असं मला दिसतं. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं. वर्षभराने मतदान झालं, १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. पडणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

इथे आमच्या जिल्ह्याचा एक धागा आहे. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आवारात गोखल्यांच्या नावाने अर्थशास्त्राची संस्था निघाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. हेच गाडगीळ लोणीला विठ्ठलराव विख्यांच्या बरोबरीने प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्या कारखान्याच्या यशानंतर जिल्ह्यात सहकारी कारखाने वाढत गेले, आणि त्या रांगेत आमच्या सोनईचा मुळा कारखानाही आहे. फायली आणि आकडे यांत बसलेल्या माणसांचं उसाच्या बैलगाड्यांशी नातं असू शकतं हे मला गावात कुणी सांगितलं नव्हतं.

या सगळ्याची किंमत मी वर म्हणाले ती अशी. डायबेटिस, हृदयविकार, एकेका भाषणाआधीची जागरणं. १९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथल्या जनरल बोथा आणि स्मट्स यांना भेटायचं होतं, तर आदल्या रात्री गांधीजींकडून सगळा इतिहास लिहून घेऊन, एकेक मुद्दा घोकून, जागून तयारी केली. त्याच दौऱ्यात गांधीजींच्या आग्रहामुळे ते आपल्या लोकांसमोर मराठीतही बोलले, आणि त्याचं भाषांतर गांधीजींनी केलं. गांधीजींना मराठी थोडीफारच येत होती. गोखल्यांना आधी भरवसा वाटला नाही म्हणे, नंतर पटलं.

गांधीजीही मुळात किती लाजाळू! बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या कोर्टात पहिल्याच केसला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. फी परत करून घरी आले. अशा दोन माणसांची गुरुशिष्याची जोडी जमली.

जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी कायमचे भारतात परतले. गोखल्यांनी त्यांच्याकडून एक शब्द घेतला : वर्षभर देश फिरायचा, बघायचं, ऐकायचं, आणि देशाच्या प्रश्नांवर जाहीर मत द्यायचं नाही. फेब्रुवारीत पुण्याला भारत सेवक समाजाच्या आवारात गांधीजींसाठी एक छोटा कार्यक्रम होता. गोखल्यांची तब्येत अगदी ढासळलेली. तरी ते खोलीतून उठून आले, आणि तिथेच त्यांना घेरी आली. उचलून आत न्यावं लागलं. शुद्धीवर आल्यावर कार्यक्रम चालू ठेवा असा निरोप त्यांनी बाहेर पाठवला. १९ फेब्रुवारीला ते गेले, वय अठ्ठेचाळीस. आयुष्यभर ज्यांच्याशी मतभेद होते ते टिळक अंत्ययात्रेला आले आणि स्मशानात त्यांच्याबद्दल गौरवाने बोलले.

गांधीजींना बातमी शांतिनिकेतनात कळली. त्यांनी वर्षभर पायांत काही घातलं नाही, तिसऱ्या वर्गाने देश पालथा घातला आणि दिलेला शब्द पाळला. फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारसला हिंदू विद्यापीठाच्या समारंभात ते पहिल्यांदा मोकळेपणाने बोलायला उभे राहिले, तर हिरेमोत्यांनी मढलेले संस्थानिक भाषण चालू असतानाच व्यासपीठावरून उठून गेले.